दस्तगीर मास्तरांची बिनचेंडूची टीम

१ जून १९४८, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं ठरवलं. रोज म्हणजे रोज. आपली फुटबॉल टीम नव्यानं उभी राहतेय आणि त्याची नोंद ठेवील असा जाणकार गावात माझ्याशिवाय दुसरा नाही. मी सोलापूरला मॅट्रिकपर्यंत होतो. तिथं गोऱ्या सोजिरांचे सामने पाहिलेत. बाकीच्यांना गोलपोस्ट म्हणजे बैल बांधायची जागा वाटते.
मागच्या साली बेंबळी गावानं आपल्याला नऊ-शून्यनं धुतलं. त्यातले तीन गोल आपल्याच पोरांनी आपल्यावर घातले. तेव्हापासून मी बेंबळीची ज्वारी दुकानात घेत नाही.
नवे मॅनेजर दस्तगीर मास्तर. निजामाच्या फौजेत ड्रिल शिकवायचे, आता पेन्शनीत गावी आलेत. त्यांना माझी योजना सांगितली. दोन फुलबॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. ते म्हणाले, सेठ, खेलना आसान हाय, टिकना मुश्किल. म्हणजे डिफेन्स. माझंही तेच मत आहे.
बेंबळीशी सामना २९ ऑगस्टला, आपल्याच मैदानावर.
रात्री जेवताना बायकोनं, शरणम्मानं, पुन्हा बार्शीचं काढलं. तिचं माहेर, सरहद्दीपलीकडं. ओढ्याच्या अलीकडं निजाम, पलीकडं हिंदुस्थान, आणि ओढा दोन कोसांवर. आठ दिवसाखाली शेजारच्या गावात रझाकारांनी कडब्याच्या गंज्या पेटवल्या. अवो, लोकं गाव सोडून चाललेत अन् तुमी चेंडू धरून काय बसलाव, म्हणाली. सामना झाला की जाऊ म्हणालो. तिनं भाकरी ताटात टाकली ती जरा वरूनच.

३ जून, गुरुवार
मास्तरांची पद्धत एकदम मॉडर्न. दर गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, पहाटे सगळी टीम ओढ्यापर्यंत पळत जायची आणि परत. दम वाढतो. मास्तर पुढं शिट्टी वाजवत, पोरं मागं. करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपायांनी बांबू आडवा टाकून अडवलं. मास्तरांनी त्यांना अर्धा तास ड्रिल समजावून सांगितली. शेवटी कंटाळून सोडलं.
मास्तर मलाही म्हणाले, सेठ, एक जुमेरात तुम भी चलो, भाबीला पण घेऊन. मी हसलो. बायकांचं काय काम? आणि बाजाराच्या दिवशी मी दुकान सोडलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल? पण व्यायाम सुरू करायचा, हे नक्की. सोमवारपासून.

१० जून
चेंडूचा ब्लॅडर फुटला. सोलापूरहून नवा येत नाही, नाकाबंदी आहे. रॉकेल नाही, मीठ नाही, ब्लॅडर नाही. सरकारनं निदान ब्लॅडरला सूट द्यायला पाहिजे होती.
मास्तर डगमगले नाहीत. म्हणाले, चेंडू नको, पाय तयार पायजेत. तेव्हा बिनचेंडूची प्रॅक्टिस. नुसतं पळणं. पाहायला जरा विचित्र वाटतं, पण चेंडूची सवय नसलेली टीम चेंडू मिळाल्यावर केवढी खूश होईल! बेंबळीवाल्यांनी याचा विचार केला नसणार.

१७ जून
वाईट बातमी. आपला सेंटर फॉरवर्ड उत्तरेश्वर आज पळायला गेला आणि परत आलाच नाही. तसा त्याचा फॉर्म महिन्यापासून गेलाच होता. त्यानं शाळेवर तिरंगा लावला तेव्हापासून सारखा मागं वळून बघायचा. पोलीस चौकीवरच्या अमीनसाहेबांचे शिपाई त्याच्या घरी दोनदा जाऊन आले. अशानं खेळाडूचं कॉन्सन्ट्रेशन राहत नाही.
मास्तरांना विचारलं तर खाली बघून म्हणाले, बार्शीवाल्यांनी घेतला त्याला, सेठ. तिकडं बरा राहील.
बार्शी! आपण खाऊ-पिऊ घालून पोरगं तयार करायचं आणि बार्शीनं उचलून न्यायचं? ही काय रीत झाली? रक्त खवळलं. झोप लागली नाही. म्हणजे उशिरा लागली.

१ जुलै, गुरुवार
व्यायाम अजून सुरू नाही. पाऊस.
आज आणखी दोघे बार्शीला. गोलकीपर रामकिसन त्यातला एक. मी मास्तरांना स्पष्ट सांगितलं, तुम्ही बांधणी करताय का मोडणी? ते म्हणाले, नये खिलाडी आणलेत. आणलेत खरे, पण कसले! एकालाही लाथ मारता येत नाही. एक दम्याचा. एक चष्मा लावतो आणि सारखा रडतो. त्याच्या गावात मागच्या आठवड्यात बरंच काय काय झालं म्हणे. मी त्याला म्हणालो, मैदानावर आलं की घरचं घरी ठेवायचं. तो म्हणाला, घर न्हाय आता. मग मी पावसाचं काढलं. उगीच कशाला.

८ जुलै
एक चांगली गोष्ट. नाक्यावरचे शिपाई आता टीमला ओळखतात. लांबून शिट्टी ऐकली की स्वतःच बांबू वर करतात आणि पुन्हा कांबळं ओढून घेतात. याला म्हणतात इज्जत. वर्षभरापूर्वी या टीमला कुत्रं विचारत नव्हतं.
शरणम्माही बदलली. टीमच्या जर्स्या शिवायला घेतल्या आहेत, पिवळ्या. मी मनात म्हटलं, शेवटी नवऱ्याचं वळण लागलं. आतून खोल खोल खिसे ठेवतेय. फुटबॉलच्या कपड्यांना खिसे नसतात हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, असूं द्या, पोरांला काय ठेवावं वाटलं तर! गुरुवारी पहाटे टीमसाठी भाकऱ्याही थापते. पळून झाल्यावर भूक लागते म्हणाली. एकेकाला चार दिवस पुरतील एवढ्या.

२२ जुलै, गुरुवार
आता मात्र हद्द झाली. मास्तरांनी शिवलिंगप्पाला टीममध्ये घेतलं! आमच्या आळीतला तेली, साठी उलटलेली, पोट पुढं आणि धोतर मागं. पिवळी जर्सी पोटावर थांबली ती खाली येईना. म्हटलं, ह्यो कोणत्या जागी खेळणार? मास्तर म्हणाले, फुलबॅक. मी विचार केला. पुढून येणाऱ्याला वळसा घालून जावं लागेल हे खरं.
शिवाय एक नवा विंगर. लहान चणीचा, तोंडावर पटका गुंडाळलेला, कुणाशी बोलत नाही. पळताना हातात बांगड्या वाजल्यासारखं झालं. खेळताना कडं घालणं नियमात बसत नाही, हे मी मास्तरांना खासगीत सांगितलं. त्यांनी हात जोडले. म्हणाले, सेठ, खुदा के वास्ते, ये बात किसी को नक्को बोलो. नियमांबद्दल एवढी कळकळ असलेला मॅनेजर मी पाहिला नाही.
शिवलिंगप्पा गेला तो गेलाच. बार्शीला ह्याचा काय उपयोग?

३० जुलै
मैदानावरून उत्तरेला दोन ठिकाणी धूर दिसत होता. दुपारपर्यंत होता. बाजारपेठेत निम्मी दुकानं बंद. मी उघडं ठेवलं. गिऱ्हाईक एक, तेही पत्ता विचारायला.
मास्तर दुकानावर आले. बसले नाहीत. म्हणाले, सेठ, जास्ती दिवस न्हाईत, या गुरुवारी चला. म्हणालो, आजच्या तारखेपासून सामन्याला महिना आहे, भरपूर दिवस आहेत. ते कपाळ पुसून निघाले. थकलेत. मॅनेजरवर फार ताण असतो.

१५ ऑगस्ट
पलीकडं आज काहीतरी समारंभ असणार. ओढ्याकडून वारा आला की ढोल ऐकू येतो, असं धुरपदाबाई म्हणाली. ती आमची शेजारीण. मला ऐकू आला नाही.
टीमची स्थिती: जुने सगळे बार्शीला, नवे येतात तेही आठवड्यात बार्शीला. अशानं संघभावना कशी वाढायची? कुणीतरी ठाम भूमिका घेतली पाहिजे. मी घेणार.

२४ ऑगस्ट, मंगळवार
घेतली! आज सरळ चौकीवर गेलो आणि अमीनसाहेबांकडं बार्शीची तक्रार केली. एक टीम दुसऱ्या टीमचे खेळाडू राजरोस पळवते आणि सरकार डोळे झाकून बसतं, असं तोंडावर सांगितलं. साहेब आधी कंटाळले होते. नंतर खुर्ची पुढं ओढून बसले. चहा मागवला. माझ्यासाठी! एवढा रस आजवर कुणीच घेतला नव्हता. मग मीही काही हातचं राखलं नाही. गुरुवारची पहाट, शिट्टी, नाक्यावरचा बांबू, ओढ्याची वाट, कोण कधी गेला, सगळं सविस्तर. शिवलिंगप्पाचं सांगितल्यावर साहेब फार वेळ हसले नाहीत. म्हणाले, परवा गुरुवारी मी स्वतः येतो तुमची टीम बघायला. चार माणसं घेऊन येतो.
नशीब उघडलं! मोठा पाहुणा आला की टीमला हुरूप येतो.
घरी येऊन शरणम्माला सांगितलं. ती पीठ मळत होती. हात तसाच परातीत राहिला. मग हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि धुरपदाबाईकडं हळद आणायला म्हणून गेली. बऱ्याच वेळानं आली. हळद आणलीच नाही. रात्री मला पुरणपोळी केली, आज सण नसताना. वाढताना डोळे पुसत होती. म्हटलं, अगं, आनंद झाला तर रडायचं कशाला? तर म्हणाली, तुमी लई भोळे हाव, आणखी एक घ्या.

२५ ऑगस्ट, बुधवार
सकाळी उठलो तर शरणम्मा घरात नाही. देवळात गेली असेल. धुरपदाबाईचंही दार बंद.
पहाटे झोपेत शिट्टी ऐकल्यासारखी वाटली. बुधवारी? शक्यच नाही. मास्तर वाराचे पक्के.
उद्यासाठी झेंडूचा हार सांगितला. पाहुण्याला खुर्ची न्यायची आठवण ठेवणे.
संध्याकाळ. शरणम्मा अजून आली नाही. माझी दोन धोतरं तिनं गाठोड्यात बांधून दाराशी ठेवलीत, भाकरीसकट. का ते कळत नाही.

२६ ऑगस्ट, गुरुवार
ओढ्यावर मी, अमीनसाहेब, बंदूकवाले शिपाई, खुर्ची आणि हार. शिपाई झाडीत का बसले ते मी विचारलं नाही. पाहुण्यांची सोय पाहुण्यांनी बघावी.
उजाडलं. शिट्टी नाही. ऊन आलं. कुणी नाही. ओलीत पावलं उमटलेली होती, पुष्कळ, लहान-मोठी, सगळी पलीकडं जाणारी. त्यात एक जोडी जोडवी घातलेल्या पायांची. डाव्या पायाचं बोट जरा बाहेर. शरणम्माचं तसं आहे.
साहेबांनी हार उचलला, बघितला आणि ओढ्यात टाकला. मग माझ्या कानाखाली वाजवली. शिपायांसमोर. अजून त्या कानात गुणगुण होते.
मला कुणी सांगितलं का नाही? एवढे गुरुवार. बायकोनंसुद्धा. मी काय परका होतो?

२८ ऑगस्ट, शनिवार
लिहायला हात धजत नाही, पण रोज लिहायचं ठरलंय.
दुपारी दुकानाच्या मागल्या दारानं दस्तगीर मास्तर आले. पलीकडनं परत! अंगावर चिखल. म्हणाले, सगळे पोचले, भाबी पण पोचली, ती रडूलाली, तुम्हाला घेतल्याबगर मी बार्शीत पाय ठेवणार न्हाय म्हणती. उठा सेठ. चप्पल पण नक्को.
मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, भाबीनंच सांगू दिलं न्हाय. तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाय म्हणाली. पहिल्या गुरुवारपास्नं मी तुमाला बलवूलालो, सेठ. नुसतं पळायचं होतं, इचारायचं न्हवतं.
मला राग आला. खरं सांगतो, फार राग आला. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही? मी? मी म्हणालो, आणि उद्याचा सामना? बेंबळीला काय तोंड दाखवू? अकरा माणसं कुठून आणू? ते म्हणाले, आहिस्ता, आहिस्ता बोला. पण माझा आवाज मुळातच मोठा आहे आणि अन्याय माझ्यावर झाला होता. मी बोलत राहिलो.
समोरच्या दारानं शिपाई आले. मास्तर पळू शकले असते. दोन ढांगांत मागल्या दारातून गेले असते, या वयातही त्यांचा दम सगळ्यांत जास्त. पण त्यांनी आधी मला दाराकडं ढकललं. मी पोत्याला अडखळून पडलो. मला उचलायला ते वाकले, तेवढ्यात त्यांना धरलं.

२९ ऑगस्ट, रविवार
मैदानावर बेंबळीची टीम आली नाही. आपलीही नाही.
दहाच्या सुमारास चौकीवरून बोलावणं आलं. मास्तर कोपऱ्यात भिंतीला टेकून खाली बसले होते. एक डोळा मिटलेला. दुसऱ्यानं त्यांनी मला पाहिलं आणि तोही मिटून घेतला, म्हणजे ओळख दाखवायला नको म्हणून.
अमीनसाहेबांनी विचारलं, या माणसाच्या टीमशी तुझा संबंध काय? सगळा गाव म्हणतो तू रोज मैदानावर असायचास. तुला ठाऊक नव्हतं?
येताना वाटेत ठरवलं होतं की सांगायचं, मास्तर माझ्यासाठी परत आले. माणूस सोन्यासारखा आहे, त्याला सोडा, तक्रार मी केली, ती मी मागं घेतो. तोंडात शब्द तयार होते. 
मी म्हणालो, साहेब, मला फुटबॉलमधलं काही कळत नाही.
साहेब म्हणाले, ते दिसतंच आहे, जा.
मी आलो.