आठला धोरण, साडेचारला गळती

१ डिसेंबर १९८६, सोमवार
उद्याच्या भाषणाची सुरुवात: "जोडणी विभागातल्या माझ्या चौदा सहकाऱ्यांनो, कंपनीचं धोरण वर ठरतं आणि आपल्या कानावर येते ती फक्त ओरड. वर्षानुवर्षं." झकास.
मॅनेजर चंद्रप्रकाश साहेब म्हणाले, गोदामात रोज साडेचारला शंभर नळ पुन्हा तपासतात, त्यातले नऊ गळतात. ३१ तारखेपर्यंत चारवर आले नाहीत तर आपला विभाग गुजरातेत, वापीला हलणार. सहदेव, तू सुपरवायझर, गळती कमी करायचं कंपनीचं धोरण रोजच्या कामात उतरव.
योग्य माणसाला सांगितलं. अंधेरीच्या या इस्टेटीत माझ्याइतकं वाचलंय कुणी?
निश्चय: रोज आठ वाजता फक्त दहा मिनिटं बोलायचं.

२ डिसेंबर
पस्तीस मिनिटं झाली. मोहेंजोदडोच्या गटारांपासून सुरुवात करणं भागच होतं. फिटर काशीराम सारखा मान डोलावत होता. नंतर कळलं, डुलकी.

४ डिसेंबर
गळती अकरा. विचार अजून खोल गेलेला नाही. उद्या फ्रेंच राज्यक्रांती.

८ डिसेंबर
गळती बारा. या आकड्यांचा कंटाळा येतो.
नळ तपासणारी सेराफिना जेवणाच्या सुट्टीत आली. म्हणे, सहदेवभाऊ, तुमचं होईपर्यंत माझे पस्तीस नळ मागे पडतात. आकडा भरायला मग शेवटच्या तासात मिनिटभर पाण्यावर धरायचा नळ मी अर्धंच मिनिट धरते. मी म्हटलं, सेराफिना, तुला नळ दिसतो, मला कंपनी दिसते. ती म्हणे, मग वापी पण दिसत असेल.
मरोळच्या बायांना तोंड फार.

१२ डिसेंबर
घसा साफ बसला. भाषण नाही. वाईट वाटलं. त्यांना नसावं.

१५ डिसेंबर, सोमवार
अजून आवाज नाही. शुक्रवारपासून गळती: पाच, चार, तीन.
म्हणजे माझ्या भाषणांचा परिणाम आठवड्याने होतो. कुठेतरी वाचलंही आहे.

१६ डिसेंबर
आवाज आला. अभिनंदनाचं भाषण, पन्नास मिनिटं. काशीराम मध्येच म्हणाला, सायबा, माका वापीक जावचा नाय, चेडवाचा लगीन हयसरच ठरलाहा. त्याला सांगितलं, मुलीचं लग्न हाच माझा पुढचा मुद्दा आहे.
गळती तेरा.

१८ डिसेंबर
साहेबांनी गळतीचा तक्ता पुढे सरकवला, बोट पाच, चार, तीनवर. या तीन दिवसांत काय वेगळं केलंस? म्हटलं, काहीच नाही, बोलता येत नव्हतं.
साहेबांनी तक्ता माझ्या हातात दिला. मग म्हणाले, वापीचा ट्रक दोन जानेवारीला सांगून ठेवलाय. तो रद्द करायचा की नाही, तूच ठरव.
रात्रभर नवीन भाषण लिहिणार होतो. दोन ओळींत झोप लागली.

१९ डिसेंबर
सकाळी टेबलावर कागद. अक्षर सेराफिनाचं. "सहदेवभाऊ, ३१ तारखेपर्यंत सकाळी आठला बोलू नका." खाली चौदा सह्या. पहिली काशीरामची, सगळ्यांत मोठी.
सात शब्द. धोरण रोजच्या कामात उतरलं की असं दिसतं. मला अठरा दिवसांत जमलं नाही.
पंधरावी सही मी केली. दोन ओळींचं भाषण खिशातच राहिलं.
सहदेव, उद्या आठचा भोंगा झाला की नळांचा पहिला ट्रे उचल आणि गुपचूप सेराफिनापुढे नेऊन ठेव.