आटे

सोमवार, ३. सकाळी ६.१०
आजपासून नवं पर्व. कन्या नववीत गेली, पण हातात कसलंच कौशल्य नाही. शनिवारच्या तासांसाठी शाळेचा फॉर्म आलाय: जादा गणित किंवा सुतारकाम-नळकामाची कार्यशाळा. नमुन्याच्या एकाच तासाला बसून ती कार्यशाळेवर भाळली. मी म्हटलं, गणितच घे, कौशल्य घरी मी शिकवतो. तोंड एवढंसं झालं तिचं. फॉर्म माझ्या खिशात. मुदत १४.

त्याच दिवशी पालकसभेत माझं भाषण: 'पुस्तकी विद्या आणि हाताचं कौशल्य'. गणिताचा शिक्षक म्हणून मुख्याध्यापिका बाईंनी मलाच निवडलं. आधी दोघांनी नाही म्हटलं होतं, पण तो मुद्दा नाही.

मंगळवार, ४
वेळापत्रक केलं. एक तास अभ्यास, एक तास कौशल्य. चार रंगांत आखलं, त्यात दोन्ही तास गेले. उद्यापासून नक्की.

बुधवार, ५
धडा पहिला: खिळा ठोकणे. हातोडी सापडली नाही. तरफेचं तत्त्व समजावलं, पाऊण तास. कन्येचा डोळा लागला. असो. पाया पक्का हवा.

शनिवार, ८
सिंकखाली पाइपचा जोड ठिबकतोय. देवच पावला! ही प्लंबरला फोन लावत होती, मी हाणून पाडलं. कन्येला गणित घातलं: मिनिटाला बावीस थेंब, तर बादली कधी भरेल? तिनं उलट विचारलं, जोडात बसवायला घरात वायसर आहे का. मला ऐकू आलं वायर. पाण्याजवळ वीज नेऊ नये, हे प्रेमानं समजावलं. तिनं जोडाखाली बादली सरकवली. पटलं असावं.

रविवार, ९. सकाळी १०
प्रात्यक्षिक: जोड सैल करून उघडणे. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवलं की घट्ट, उलट फिरवलं की सैल. पण मी सिंकखाली उताणा, म्हणजे दिशाही उलटी धरायला हवी. इतका बारीक विचार प्लंबरही करत नसेल. कन्या काहीतरी सांगत होती, तिला थांबवलं. सगळा जोर लावला.

१०.२०
आटे गेले. पाण्याचा फवारा थेट तोंडावर. मुख्य कॉक कन्येनं बंद केला. या घरात चौदा वर्षं राहतोय, तो कुठे आहे हे मला कोणी सांगितलंच नाही. आटे नक्की कशाचे गेले, असं हिनं विचारलं. प्रश्न सरळ नव्हता. खिशातल्या फॉर्मचा लगदा झाला.

सोमवार, १०
प्लंबर आला. शेजारी कन्या, न मागता हातात पाना देणारी. पोरीचा हात चांगलाय म्हणाला. मग, हा जोड कोणी आवळला, असं विचारलं. मी पेपरात डोकं घातलं. जुनाच होता, म्हणाली ती. माझ्याकडे बघितलंही नाही. मला भरून आलं. निर्णय मात्र ठाम आहे.

शुक्रवार, १४
भाषण झकास. टाळ्या पडल्या. मागच्या रांगेत ही खोकली.

बाहेर कन्या नवा फॉर्म घेऊन उभी. कार्यशाळेवर खूण. खाली रकाना होता: 'पालक घरी कोणतं कौशल्य शिकवू शकतात?' तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: भाषण.

सही करायला पेन काढलं. टोपण फिरवत राहिलो, निघेना. तिनं ते हातातून घेतलं, उलट्या बाजूनं फिरवलं आणि उघडून परत दिलं.