तू दिलेली जागा

माय, तुला जाऊन खूप वर्षं झाली, आणि तुला वाचताही येत नव्हतं, तरी हे तुलाच लिहिते आहे. सासर सोडून मी पोरीला घेऊन पिंपळगावला परत आले, तेव्हा तू मला घरामागच्या मोकळ्या जागेत नेलंस आणि चार बायांदेखत म्हणालीस, "ही जागा तुझी. हितं खोली बांध, कोणाच्या दारात राहू नको." मी तिथले दगड वेचले, बाभळी काढल्या, कुडाच्या भिंतींवर छप्पर घातलं. अंगणवाडीत लागल्यावर कळलं, की स्वतःची जागा आहे पण पक्कं घर नाही, अशांना सरकार घरासाठी कर्ज देतं. मी अर्ज केला. जागा तुझ्या नावावर होती. ती माझ्या नावावर करायला तू फक्त हो म्हणायचं होतं.

ग्रामसेवक पाहणीला आला तो दिवस मला अजून दिसतो. तू ओसरीवर शेंगा फोडते आहेस, शेजारी दादा बसला आहे. ग्रामसेवक विचारतो, "मावशी, ही जागा लेकीला दिली ना?" तू मान वर करत नाहीस. "न्हाई साहेब. तिला राहू देल्तं फक्त. जागा पोराची हाये." मी म्हणते, "माय, तूच देल्ती ना मला?" तू म्हणतेस, "माणूस बोलत असतंय काहीबी," आणि पुढची शेंग उचलतेस.

पुढे त्याच जागेवर दादानं कर्ज काढून घर बांधलं. माझं छप्पर त्याआधीच निघालं होतं. तुला म्हातारपण त्याच्याकडे काढायचं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. आदल्या दिवशी मला एकटीला सांगितलं असतंस, तर मी मुकाट्यानं अर्ज मागं घेतला असता. परक्या माणसापुढे तू मला खोटी पाडलीस, ते मनातून जात नाही.

बदनापूरजवळच्या एका खेड्यात मी पगारातून थोडी जागा घेतली. सरकारचं तेच कर्ज मिळालं, घर झालं. तू तेव्हा नव्हतीस. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून सांगते. वास्तुशांतीला शेजारणींनी विचारलं, जागा कोणी घेऊन दिली? मी म्हणाले, मायनं. कोणी विचारलं तर अजून तेच सांगते. खोटं आहे, पण सांगताना बरं वाटतं.