चौकाची अलीकडची बाजू

११ सप्टेंबर, गुरुवार
चौक सुधारणा आणि सुशोभीकरणाची ऑर्डर आज निघाली. इंजिनिअर म्हणून माझं नाव. कंत्राटी, पण नाव आहे.

डिझाइन साधं आहे. चौकाचे कोपरे कठडे बांधून पुढे घ्यायचे. त्यामुळे रस्ता अरुंद होतो, गाड्या आपोआप हळू होतात आणि पायी माणसाला कमी अंतर चालावं लागतं. कोपऱ्यांवर कुंड्या, रस्त्यावर पांढरे पट्टे, मध्ये थांबायला एक ओटा. एम.टेक.ला याच विषयात मी वर्गात पहिली होते. अपयशाची शक्यता मला तरी दिसत नाही.

आमची गॅलरी नेमकी चौकावर उघडते, हा मोठा फायदा. मे महिन्यात वाहनांची मोजणी मी इथेच खुर्ची टाकून केली. धूळ नाही, धक्का नाही, आकडे एकदम स्वच्छ.

जाता जाता एक नोंद. गेल्या वर्षी एका मोटरसायकलवाल्याने छबूआत्याला चौकात पाडलं. तेव्हापासून ती पलीकडे गेलेली नाही. तिची जन्माची मैत्रीण मुक्ताबाई पलीकडे बांगड्यांच्या दुकानात बसते. रोज दुपारी दोघी आपापल्या बाजूने एकमेकींकडे बघत फोनवर बोलतात. "मुक्ते, पदर सावर, हितनं दिसतंय." यात भावनेचा प्रश्न नाही. आत्या माझ्या दृष्टीने पादचारी क्रमांक एक.

तिला सांगितलं, लक्ष्मीपूजनाला तू पायी फराळ घेऊन मुक्ताबाईकडे जाशील. ती म्हणाली, "व्हय, आन् येताना यमाच्या रेड्यावर बसून यीन."

१९ सप्टेंबर
साहेबांना ड्रॉइंग दाखवलं. आमचे साहेब म्हणजे नगरपालिकेचे मोहनराव. त्यांनी बराच वेळ कागद उलटसुलट केला आणि विचारलं, कारंजं कुठंय? मी म्हटलं, कारंजं नाही. ते म्हणाले, "म्याडम, सुशोभीकरण म्हणल्यावर लोकं कारंजं बघायला येणार. कुंडी काय, घरी पण असती."

मधल्या ओट्यावर कारंजं घेतलं. आता तिथे उभं राहायला जागा नाही. हरकत नाही. माणूस मध्ये थांबलाच नाही तर त्याला जागा लागत नाही.

उठताना त्यांनी विचारलं, "आन् उसाच्या गाड्या?" मी सांगितलं, बायपास आहे, तसा बोर्ड लावतोय. त्यांचं समाधान झालं. चौक नीट झाला तर डिसेंबरनंतर मुदतवाढ, आणि पुढचे दोन चौकही माझ्याकडेच. नाहीतर पुण्यात भाड्याची खोली शोधायची आणि तिथे कुणाच्या तरी हाताखाली बसून दुसऱ्यांच्या चौकांची ड्रॉइंगं करायची.

डिझाइन एसटी बसवर केलेलं आहे. एसटी वळली म्हणजे सगळं वळतं.

२ ऑक्टोबर
पुतळा, मिरवणूक, सुट्टी. काम बंद. आबा (वडील) येईल त्या पाहुण्याला गॅलरीत नेऊन खालचा खड्डा दाखवतात. "लेकीनं केलंय." खड्डा बघून कऱ्हाटीचे मामा म्हणाले, छान झालंय.

१० ऑक्टोबर
कोपरे बांधून झाले. पट्टे मारून झाले. दुपारी गॅलरीतून फोटो काढला. पुस्तकात छापावा असा चौक.

संध्याकाळी पाहिलं तर प्रत्येक दोन पट्ट्यांच्या मध्ये एक मोटरसायकल लावलेली. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर. या गावात इतकी शिस्त मी कधी पाहिलेली नाही. म्हणजे लोकांना पट्ट्यांबद्दल आदर आहे. फक्त अर्थ समजावून द्यायचा राहिला.

११ ऑक्टोबर
गॅलरीतून अर्थ समजावून दिला. खालचा एकजण वर बघून म्हणाला, "ताई, सायबांनीच आखून दिलंय की." मी म्हटलं, आखणारी मीच. तो म्हणाला, "मग लई पुण्य लागंल तुमाला. आदी गाडी लावायला जागाच न्हवती हितं."

पहिली सकारात्मक प्रतिक्रिया.

१५ ऑक्टोबर
उद्घाटन. नारळ, हार, भाषणं. कारंज्याचा पंप बारामतीहून आणलेला, ताकदीचा. पाणी थेट पट्ट्यांवर पडलं, पट्टे गुळगुळीत झाले आणि पहिलाच स्कूटरवाला घसरला. लागलं नाही. कारंजं तात्पुरतं बंद.

आज युवा नेते राजवर्धनदादांचा वाढदिवसही होता. त्यांचा फ्लेक्स माझ्या दोन्ही बोर्डांवर ताणून बांधलेला आहे. एक बोर्ड 'पादचाऱ्यांना प्रथम जाऊ द्या', दुसरा 'ऊस वाहतूक बायपासने'. आता तिथे हात जोडलेले दादा दिसतात. लांबून बघितलं तर तेच पादचाऱ्यांना 'आधी तुम्ही' म्हणतायत असं वाटतं. हेतू साधला जातोय.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
ठरलेला दिवस.

आत्या नवं लुगडं नेसून, करंज्यांचा डबा घेऊन खाली कोपऱ्यावर गेली. मी गॅलरीतून फोनवर सूचना देत होते. पलीकडे मुक्ताबाई दुकानाच्या पायरीवर हात पुढे करून उभी.

मी म्हटलं, आता. आत्याने एक पाय टाकला आणि मागे घेतला. "आता म्हणलीस आन् टँकर आला की गं!" पुन्हा म्हटलं, आता. ट्रॅव्हल्स आली. तिसऱ्यांदा मी आता म्हणण्याआधीच ती म्हणाली, "तू गप."

मग म्हणाली, "त्यापेक्षा तू खाली ये, माझा हात धर." मी तिला समजावलं की निरीक्षण करणाऱ्याने मध्ये पडायचं नसतं, निष्कर्ष बिघडतात. पलीकडून मुक्ताबाईने हाक घातली, "छबूऽ, ऱ्हाऊ दे! मी मेल्यावर ये, तवा तरी गाड्या थांबतील!"

डबा शेवटी आबांनी मोटरसायकलवरून पोचवला. आत्या जिना चढून आली आणि नवं लुगडं घडी करून ठेवून दिलं. दिवे तिनेच लावले.

निष्कर्ष: डिझाइन निर्दोष. पादचाऱ्यात आत्मविश्वासाचा अभाव. प्रशिक्षण द्यावं लागेल.

२४ ऑक्टोबर
गच्चीवर खडूने पट्टे मारले आणि आत्याला सरावाला लावलं. उजवीकडे बघ, डावीकडे बघ, चाल. उत्तम ओलांडते. न अडखळता, डोक्यावर पापडाची पाटी घेऊनसुद्धा. गच्चीवरचा निकाल पूर्ण समाधानकारक आहे. फरक फक्त गाड्यांचा.

३ नोव्हेंबर
कारखाना सुरू झाला. पहिला उसाचा ट्रॅक्टर आला. आधी गाणं आलं, मग ट्रॅक्टर, मग एक ट्रेलर, मग दुसरा ट्रेलर. ट्रॅक्टर माझ्या कोपऱ्यावरून एसटीसारखा छान वळला. पहिला ट्रेलर बऱ्यापैकी वळला. दुसरा वळला नाही. तो सरळ कठड्यावर चढला आणि दोन कुंड्या घेऊन उतरला.

गॅलरीतून ड्रायव्हरला बायपासचा बोर्ड दाखवला. त्याने मान वर करून नीट बघितलं आणि म्हणाला, "हितं तर दादांचा बड्डे हाय."

मला वाटतं, ऊस ही हंगामी वाहतूक आहे. म्हणजे अपवाद. अपवाद धरून डिझाइन करत नाहीत. हंगाम चार-पाच महिने चालतो, पण उरलेले महिने जास्त आहेत.

मी मे महिन्यात मोजणी केली, त्यात चूक काहीच नाही. मे महिन्यात ऊस नसतो. आमच्या घरात ऊस चार पिढ्यांचा आहे, त्याचे ट्रेलर बघत मी वाढले, तरी त्या वेळी ते कुणाच्याही डोक्यात आले नाहीत. आबांच्याही नाहीत. घरच्या माणसाला कुणी मोजतं का?

१० नोव्हेंबर
फ्लेक्स काढण्याबद्दल साहेबांना भेटले. म्हटलं, वाढदिवस होऊन महिना होत आला. ते म्हणाले, "वाढदिवस झाला म्याडम, शुभेच्छा चालूच असत्यात." मग आवाज बारीक करून म्हणाले, "तुमीच काढा की." मी म्हटलं, ते माझ्या कामाच्या कक्षेत येत नाही. त्यांच्याही येत नाही. फ्लेक्स आहे तिथे आहे.

१८ नोव्हेंबर
शेवटची कुंडीही गेली. एक चहाच्या टपरीवर दिसते, त्यात लोक कप टाकतात. कोपऱ्यांचे तुकडे पडायला लागले आहेत. ड्रायव्हर आता ट्रेलर वळवताना वर आमच्या गॅलरीकडे बघून ओरडतात. मी खुर्ची आत घेतली. ऊन येत होतं.

झोप नीट लागत नाही. गाणी ऐकू येतात आणि वाटतं, आता दुसरा ट्रेलर.

साहेबांनी विचारलं, अहवाल कधी? मी म्हटलं, लवकरच. परिणाम स्थिरावू देत.

ठराव: उद्यापासून रोज सकाळी खाली उतरून प्रत्यक्ष पाहणी करायची.

१९ नोव्हेंबर
धुकं होतं. पाहणी उद्या.

२७ नोव्हेंबर, गुरुवार, दुपारी
बाजाराचा दिवस. अकराच्या सुमारास एक ट्रॅक्टर चौकात अडकला. तोंड कारंज्याला टेकलेलं, दुसरा ट्रेलर माझ्या कोपऱ्यावर चढून तिरका. पुढे जाईना, मागे येईना. मागे आणखी ट्रॅक्टर, त्यांच्यामागे इंदापूरची एसटी, पुढून बारामतीची एसटी. दोन्ही वळण्यालायक होत्या, हे नमूद करते.

बाजारातल्या लोकांनी ट्रेलरमधून ऊस उपसून खायला सुरुवात केली. कोणीतरी ओरडलं, "कुणाच्या डोक्यातनं निघालं रं हे?" मी गॅलरीत खाली बसले. फरशीला तडा गेलाय का ते बघायचं होतं.

मग ओळखीचा आवाज आला. आबा. धापा टाकत लोकांना हटवत होते. "आरं, खाऊ नगा! माझा ऊस हाय! वाळतोय तो, वजन घटतंय!" ट्रेलरमधला ऊस आमचाच होता. कोणीतरी त्यांना विचारलं, "काय ओ मानसिंगराव, ह्यो चौक तुमच्याच लेकीनं केलाय न्हवं?"

आबा म्हणाले, "न्हाय न्हाय. तिनं कागदावर बराबर काढला हुता. ठेकेदारानं वाकडा केला."

ठेकेदाराने काम तंतोतंत ड्रॉइंगप्रमाणे केलं होतं. आबांनी दिलेली माहिती चुकीची होती. मी दुरुस्त केली नाही.

आत वळले तर घरात आत्या नव्हती.

खाली बघितलं. उसाच्या दोन ट्रेलरच्या मधून आत्या चालली होती. एका हाताने ट्रेलरला धरून, दुसऱ्या हातात उपसलेला ऊस काठीसारखा टेकत. डावीकडे नाही बघितलं, उजवीकडे नाही बघितलं. एसटीच्या तोंडासमोर थांबून तिने पदरसुद्धा सारखा केला. पलीकडे मुक्ताबाईने तिला मिठी मारली आणि दोघी दुकानात दिसेनाशा झाल्या.

दोन मिनिटांत फोन. "आले गं बया! लई सोप्पा हाय तुझा चौक!"

चौकात एकही वाहन हलत नव्हतं. सगळं गाव पायी रस्ता ओलांडत होतं. बायका, म्हातारी माणसं, शाळेच्या मुली, एक शेळी. कोणालाही इजा नाही. माझ्या प्रस्तावातलं प्रत्येक उद्दिष्ट आज पूर्ण झालं.

डोळ्यात काहीतरी गेलं. उसाचं पाचट असेल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
दुपारी तीनला जेसीबी आला. कोपरे, ओटा, कारंजं, सगळं उचललं. अलीकडचे पट्टेही खरवडून निघाले. ट्रॅक्टर सुटला आणि टाळ्या पडल्या. चौक आता पूर्वीपेक्षा रुंद झाला आहे, त्यामुळे गाड्या पूर्वीपेक्षा जोरात जातात.

पाचला आत्याचा फोन. "मला न्यायला ये."

खाली उतरले. या कोपऱ्यावर मी बहुधा पहिल्यांदाच पायी उभी राहिले. ऑफिस चौकाच्या अलीकडच्याच बाजूला आहे, आणि एरवी माझ्याकडे स्कूटी असते. गॅलरीतून गाड्यांची टपं दिसतात. खालून त्यांची तोंडं दिसतात.

पलीकडे आत्या आणि मुक्ताबाई पायरीवर उभ्या. आत्या फोनवर म्हणाली, आता. मी एक पाय टाकला. टेम्पो आला. मुक्ताबाई फोन ओढून घेऊन म्हणाली, "आगं आता, आता! आगं आता म्हणलं की यायचं आस्तं!" डंपर आला. आत्या म्हणाली, "उजवीकडं बघ, डावीकडं बघ, चाल. गच्चीवर मला शिकवलंस की." मी बघितलं, दोन्हीकडे. चालले नाही.

दिवेलागण झाली. वर गेले, चावी घेतली, स्कूटी काढली.

नियमाने पुढून वळून यावं लागतं, ते लांब पडतं, म्हणून उलट्या बाजूने घातली. पिशवी घेतलेले एक आजोबा दचकून मागे सरले. "डोळं फुटलं का गं, भवाने?" थांबणं शक्य नव्हतं, समोरून ट्रॅक्टर येत होता.

आत्या उसासकट मागे बसली. चौक ओलांडायला एक क्षण लागला. जिन्याशी उतरून म्हणाली, "हेच बरं हाय. उद्या सकाळी सोडशील? चारला न्यायला ये."

२८ नोव्हेंबर
साहेबांनी बोलावलं. मुदतवाढ नाही. चौकाचं काम आता दुसरीकडे देणार आहेत. नुसतं कारंजं करणार, मोठं. म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका म्याडम, तुमचं ड्रॉइंग लई स्वच्छ असतंय."

आत्याला सकाळी सोडलं. नवं लुगडं नेसली होती. मुक्ताबाईने मला पायरीवर बसवून चहा दिला. पलीकडून आमची गॅलरी दिसते. फार उंच वाटते.

पलीकडच्या बाजूचे पट्टे अजून शाबूत आहेत. दोन पट्ट्यांच्या मध्ये स्कूटी नेमकी बसते. अंतर बरोबर निघालं आहे. फक्त लवकर जावं लागतं, नंतर जागा मिळत नाही.