राजदूत चिमालाच, तेल मापातच

मी काशीराम रावजी कळंबटे, वय वर्षे सव्वीस, धंदा कुलपे, कंदील व सायकली दुरुस्त करणे, राहणार पाली, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बिघाड आहे तो हृदयाच्या एका झडपेत, आणि त्यासाठी येत्या आठवड्यात मुंबईला माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, दहातले नऊ जण बरे होतात. मी दहाव्याची तजवीज करून ठेवत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. उलट आई म्हणते, "असलं अभद्र लिवू नको रे." तरी लिहितो, कारण न लिहिल्यास मोटारसायकल भंगारात जाईल.

कलम १. पालीच्या घरातील माझा हिस्सा व परसातील हापूसची चार कलमे आई गोदाबाई हिला. पोस्टाच्या पुस्तकात काही उरलेच तर तेही तिला. उत्तरेकडच्या कौलांखालची रीप वाळवीने खाल्ली आहे, ती पावसाआधी बदलावी. हे मी तीन वर्षे सांगत आहे.

कलम २. माझ्या नावावरची राजदूत मोटारसायकल माझी धाकटी बहीण चिमा हिला. एकटीला. थोरला भाऊ रघू याने मुंबईहून पत्र लिहिले आहे की, गाडी केरू मिस्त्रीला भंगारात देऊन मोकळे व्हा आणि पोरीला तिच्यावर बसवू नका, लग्न जमणार नाही. रघूदादा मला वडिलांच्या जागी आहे, पण गाडीबाबत त्याचे ऐकू नये. कारण खाली देतो, म्हणजे उद्या कोणी म्हणू नये की काशा आजाराने भ्रमिष्ट झाला होता.

आमचे वडील पालीच्या बाजारात भाताचे मापारी होते. माप भरले की वर एक ओंजळ जास्त टाकत, तो वरताळा. त्यांच्या मापाबद्दल कधी कोणाची तक्रार आली नाही. राजदूतच्या पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागते, पाच लिटरला आमच्या पितळी मापाने पाच मापे. वडील सात घालत. म्हणत, "इंजिनाला वरताळा नको काय?" ते गेल्यावर आम्हीही सातच घालत राहिलो. घरात ते एखाद्या व्रतासारखे चालले होते.

गाडी धूर ओके, प्लग काळा पडे. केरू मिस्त्री दर वेळी म्हणे, "काशा, ही गाडी नाय, चूल हाय. पेट्रोल ढोसतेय नुसती." आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल आणखी कमी करून देई. सपाटीला गाडी कशीबशी चाले, आंबा घाटात तिसऱ्या वळणावर तापून बंद पडे. चार वर्षांत ती घाट एकदाही चढली नाही. मी म्हणालो, मला एकदा उघडून पाहू दे. त्यावर केरू चारचौघांत म्हणाला, "सातवी नापासानं कार्बोरेटर उघडू नये." मी नापास नव्हतो. सांध्यांच्या तापाने सहामाहीनंतर शाळा सुटली. ही नोंद येथे कायमची राहावी.

गेल्या दिवाळीनंतर मी प्लग काढून बोटाने पुसला. पेट्रोल जास्त झाले तर काजळी कोरडी असते. ही चिकट होती. ही तेलाची होती. म्हणजे धूर वडिलांच्या वरताळ्याचा, आणि शिक्षा मिळत होती पेट्रोलला. इंजिन चार वर्षे उपाशी होते.

टाकी रिकामी करून मी तेल पाचच मापे घातले. आई देवापुढे दिवा लावून आली. पेट्रोल कमी करण्यासाठी केरूने खाली उतरवलेली कार्बोरेटरची सुई वर उचलून मधल्या खाचेत बसवली. मला किक मारायची मनाई आहे, म्हणून किक चिमाने मारली. इंजिन गरम झाल्यावर मी हवेचा स्क्रू पाव पाव फेरा सोडत गेलो. पण माझ्या कानात माझीच छाती वाजत असते, बारीक आवाज मला कळत नाही. चिमाला कळतो.

"आता?"

"अजून जरा, दादा. लंगडतेय."

"आता?"

"गेलास पुढं. मागं ये. जरा... थांब, थांब! हात काढ."

दीड फेऱ्याला किंचित कमी. त्या जागी इंजिन असे चालू लागले, जसे एका उखळात दोघीजणी ताल धरून भात कांडतात.

चिमाचे शिकाऊ लायसन डिसेंबरातच झाले होते. तेवीस जानेवारीला ती पुढे बसली, मी मागे. आई दारात आली. "गो चिमा, लोकं काय म्हनतील?"

"लोकं मागं ऱ्हातील गो आये," चिमा म्हणाली आणि क्लच सोडला.

तिसऱ्या वळणावर मी डोळे मिटले. उघडले तेव्हा पाचवे वळण मागे पडत होते. आम्ही कोठेही न थांबता माथ्यावर पोहोचलो. तेथे मी प्लग काढला. भाजलेल्या काजूगराचा रंग. अगदी तोच, जो असायला हवा. मला रडू आले. चिमा म्हणाली, "प्लगावर पानी पाडू नको, परत जायचं हाय."

परतताना तिने गाडी केरूच्या दारात उभी केली. बंद केली नाही. "केरूकाका, चुलीवर बसून आंब्याला जाऊन आलो." केरू बाहेर आला, गाडीजवळ वाकून बराच वेळ ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "सुई कुठल्या खाचेत हाय?" मी सांगितले नाही.

गाडी जिच्या कानाने सुरात लागली, तिचीच ती असावी. माझे एवढेच म्हणणे आहे.

कलम ३. पान्यांचा संच, बारीक स्क्रूड्रायव्हर, तेलाची मापे व स्क्रूचे फेरे मी टिपून ठेवले ती वही व वडिलांचे पितळी माप चिमाला. वडील चुकले असे कोणी म्हणू नये. वरताळा भाताला द्यावा, तेलाला देऊ नये, एवढेच.

कलम ४. जुना काळा प्लग केरू मिस्त्रीला, दुकानात दिसेल असा टांगण्यासाठी. उत्तरही देतो: मधल्या खाचेत. केरू या कागदावर साक्षीदार व्हायला आपणहून आला. साक्षीदाराने मृत्युपत्रातून काही घेऊ नये असे दुसरे साक्षीदार आप्पा गुरुजी सांगतात, म्हणून प्लग आजच त्याच्या हाती दिला. तो म्हणाला, "दे इकडं. टांगतो."

कलम ५. माझे घड्याळ रघूदादाला. त्याने गणपतीला यावे आणि एकदा चिमाच्या मागे बसून घाट चढावा. मग हवे ते पत्र लिहावे.

कलम ६. हे सर्व आप्पा गुरुजींना वाचून दाखवले. चष्मा काढून ते म्हणाले, "काशीराम, हे तू गेल्यावर लागू होणार. वाचलास तर गाडी तुझीच, आणि रघूचं पत्र पुन्हा येईल." हे माझ्या लक्षात आले नव्हते. म्हणून आजच गाडी चिमाच्या नावावर करण्याच्या कागदांवर मी सह्या केल्या आहेत. आता कलम २ ची गरज उरलेली नाही, तरी ते खोडत नाही, त्यात कारण आहे. मी परत आलो तर माझी जागा मागची.

ठिकाण: पाली. दिनांक: १ फेब्रुवारी १९८६.

काशीराम रावजी कळंबटे (सही)

आमच्यासमक्ष सही केली:
१. आप्पा गुरुजी, निवृत्त शिक्षक, पाली (सही)
२. केरू धोंडू पाष्टे, मोटारसायकल मिस्त्री, पाली (सही). गाडी मी स्वतः ऐकली. बरोबर लागली हाय.