राखेनं घासलेला डबा

जिंतूर,
रविवार, २३ जानेवारी १९७७

प्रिय कस्तुरा,

हाताला अजून तूप आहे, तेव्हा कागदावर डाग पडले तर रागावू नकोस. माझ्यावर रागवायला तुझ्याकडे याहून मोठी कारणं आहेत. चार वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती वड्या वाळूत ठेवून. शेगडीवर पातेलं, पातेल्यात चाळलेली वाळू, वाळूवर थाळी आणि झाकणावर निखारे, सगळं सुमनबाईंनी शिकवलं तसं. अजून तासभर तरी लागेल. दुपारची वेळ आहे, खाली घरमालकीणबाई झोपल्यात, आणि या वासानं मला पार आपल्या गावी, पालमला नेऊन सोडलंय.

ग्रामसेविका म्हणून सुमनबाई पालमला आल्या तेव्हा आपण दोघी पंधरा-सोळाच्या. महिला मंडळाच्या त्या खोलीत त्या आपल्याला शिवण शिकवायच्या. एक दिवस म्हणाल्या, भट्टी नसली म्हणून काय झालं, आज थरांच्या वड्या भाजू. खाली ग्लुकोज बिस्किटांचा चुरा तुपात मळून थापायचा, त्यावर साखर घालून परतलेला खवा, वर खोबऱ्याचा कीस आणि शेंगदाण्याचा जाडसर कूट, आणि शेवटी गुळाच्या पाकाची धार. काम सोपं, पण निवेपर्यंत थांबणं अवघड, आणि ते तुला कधीच जमलं नाही. गरम असतानाच तू कोपरा मोडायचीस, सगळे थर सांडायचे, आणि बाई तुझ्या बोटांवर चमचा हाणायच्या. मी मात्र माझी वडी सोडवून खायची, एकेक थर वेगळा. त्यावर तू चिडायचीस. "असं सोडवून खातंय का कुणी? एका घासात समदं आलं पायजे," म्हणायचीस.

वड्या भाजेपर्यंत आपण शहाबादी फरशीवर आडव्या पडायचो. डोळे मिटून घर बांधायचो, तीन थरांचं. खालच्या थरात तुझ्या बापूंच्या शेळ्यामेंढ्या, मधल्या थरात माझी शाळा, आणि वरच्या थरात आपण दोघी. आपल्यापैकी कुणी तोवर जिना चढलेलं नव्हतं, म्हणून वर गेल्यावर काय दिसतं यावर आपली भांडणं व्हायची. तू म्हणायचीस गोदावरी दिसती, मी म्हणायची परभणी. मग वास आला की घर तिथंच सोडून आपण पातेल्याकडे धावायचो. आजही तो वास आला आणि मी डोळे मिटले, तर तू शेजारीच होतीस. अंगाला लोकरीचा वास, वेणीत कुसळं. लय बरं वाटलं, कस्तुरा.

आता त्र्याहत्तर सालाकडे यावंच लागेल. जितकं टाळता आलं तितकं टाळलं. मला जिंतूरच्या शाळेत नोकरी लागली ते दुष्काळाचं साल. तुझ्या घरच्या मेंढ्या गेल्या होत्या, बापू अंथरुणाला खिळलेले, तू आणि तुझी आई कासाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचात. आमचे बाबा पंचायत समितीत कारकून, आमच्याकडे पहिल्या तारखेला पगार यायचा. दुष्काळ मी रोज रस्त्यावर पाहत होते, पण तो तुमच्या चुलीपर्यंत गेला असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. मी आनंदात वड्या केल्या आणि झाकणावर मोर असलेला आमचा पत्र्याचा डबा भरून तुझ्या हातात दिला. पाचव्या दिवशी डबा आमच्या ओट्यावर होता. राखेनं घासून लख्ख केलेला, आणि आत काहीच नव्हतं.

कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे आपल्याकडं लहान लेकराला कळतं. दुसरं काही नसलं तरी चिमूटभर साखर, गुळाचा खडा तरी घालतातच. मग मला त्या रिकाम्या डब्यात काय दिसलं असेल ते तुला कळतं. मी तीन वर्षांची असताना आमच्या घरातले देव निघाले आणि आम्ही बौद्ध झालो, पण गावानं आमच्याकडं बघायची नजर बदलली नाही. मंडळातल्या बायका माझ्या हातची वडी हसून पदरात बांधून न्यायच्या आणि वाटेत शेळीपुढं टाकायच्या, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तूच एकटी माझ्या थाळीतली वडी मोडून खायचीस. तो डबा पाहिला आणि वाटलं, हीसुद्धा! तशीच तुमच्या दारात आले आणि म्हणाले, "आमचं गोड तुमच्या गळ्याखाली उतरलं नसंल, व्हय ना?" तू खाली बघत राहिलीस. तुझ्या गप्प राहण्याला मी कबुली समजले आणि तिसऱ्या दिवशी जिंतूरची गाडी धरली.

जरा थांब, निखारे काढून आले. कडा छान तांबूस झाल्यात. निवू देते.

मागच्या बाजारच्या दिवशी घोंगड्या विकणाऱ्या एका बाईनं माझा पदर धरला. "सत्यशीले, वळखलं न्हाईस का मला?" कासाबाई! केस पार पिकलेत गं तुझ्या आईचे. मी आधी ताठच होते. तुझी चौकशीसुद्धा केली नाही. त्याच सांगत राहिल्या, कस्तुराला मानवतला दिलंय, जावई जिनिंगमधे हाय, बरं चाललंय. आणि मग आपणहूनच म्हणाल्या, "त्या सालाच्या तुझ्या वड्या अजून जिभंवर हायत बाई. पोरगी रोज एकच वडी काढायची अन् तिचे थर सोडवायची. खवा मऊ म्हनून बापाला, खालचं बिस्कीट मला, अन् वरचं खोबरं आपुन खायाची. चार दिस पुरवल्या बघ." मी विचारलं, मग डबा रिकामा का आला? त्या म्हणाल्या, "त्यात घालावं काय? साखरंचा दाना न्हवता घरात. डबा घिऊन तीन घरं फिरली मुठभर साखर मागत, कुणी दिली न्हाई. मग राखंनं घासला अन् ठिवून आली. मी म्हनलं, सांग की सत्यशीलेला. तर म्हनली, सांगितलं तर ती पुन्यांदा भरून आनंल, अन् मंग ते मागितल्यावानी व्हईल."

कस्तुरा, मी भर बाजारात रडले. एका घासात समदं आलं पायजे म्हणणारी तू, थर सोडवत बसली होतीस! आणि मी तुझ्या दारात येऊन काय बोलून गेले! माझा राग खोटा नव्हता, तो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गिळलाय. पण तो तुझ्या दारात ओतायचा नव्हता. तुला एकदा विचारलं असतं तर चार वर्षं वाया गेली नसती. घरी येऊन डबा शोधला. इतके दिवस त्यात शाळेचे खडू ठेवत होते. गोडाचं काही ठेवायला हात होत नव्हता.

वड्या आता निवल्या, कापल्याही. हे पत्र वरच्या थरावर कागद घालून ठेवतेय. उद्या सकाळच्या गाडीनं भुजंगराव कंडक्टर डबा मानवतला आणून देतील, जिनिंगचा पत्ता त्यांना सांगितलाय. मला क्षमा कर, एवढंच मागायला लिहायला बसले होते. पण लिहिता लिहिता हाव वाढली, मला तू हवीस. पुढच्या रविवारी सकाळपासून मी जिंतूरच्या स्टँडवर थांबेन, परभणीकडून येणारी प्रत्येक गाडी बघेन. माझी खोली माडीवर आहे. अकरा पायऱ्यांचा जिना आहे. वरून गोदावरी दिसत नाही आणि परभणीही नाही, एक लिंब दिसतो आणि दूरवर कापसाची रानं. तू येऊन बघ. आणि येताना मोराचा डबा आण. त्यात साखर घालू नकोस, गुळाचा खडा नको, काहीसुद्धा नको. रिकामाच आण, पण तुझ्या हातानं आण.

कोपऱ्याचा तुकडा तुझ्यासाठी न मोडता ठेवलाय, तो इथं आल्यावर.

तुझीच,
सत्यशीला