पिवळ्या बोल्टांवरची सही

आबा, भरे गावच्या प्लेटिंगच्या, म्हणजे मुलामा चढवायच्या शेडमध्ये तुम्ही अकरा वर्षं बोल्ट बुडवलेत. घरी आलात की आधी मोरीत नाक धुवायचात, आणि पाण्यात रक्त यायचं. आई घाबरायची. तुम्ही म्हणायचात, "काय न्हाई गं, सगळ्यांनाच येतंय. क्रोमची वाफ हाय ती." तुमच्या बोटांवरच्या न भरणाऱ्या जखमा मी हळद लावून बांधायचे. एकदा तुमचा शर्ट मी माझ्या शाळेच्या कपड्यांत भिजवला, तेव्हा तुम्ही इतके ओरडलात की मी जेवले नाही. धुणं वेगळं का, हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत.

आता मी घोटावड्याच्या कारखान्यात माल तपासते. आमचे बोल्ट बाहेरून प्लेटिंग होऊन येतात आणि मोटारींच्या सीटखाली बसतात. त्यांच्यावर ते विषारी क्रोम नाही, असं गाडीवाल्या कंपनीला लेखी लागतं, आणि त्या कागदावर सही माझी. गेल्या महिन्यात एका लॉटचा पिवळेपणा मला खटकला. चाचणीचं द्रावण टाकलं, तर थेंब जांभळा झाला. म्हणजे तेच क्रोम. ट्रक गेटवर उभा. साहेब म्हणतात, "सही कर. पुढच्या लॉटला बघू." मी म्हणाले, "नाही करणार." "गाडीवाल्यांची लाइन थांबली तर तुझंच नाव सांगेन." "सांगा," मी म्हणाले, "पण आधी माझ्याबरोबर प्लेटिंगवाल्याकडे चला."

गेलो. मालक दारातच आडवा आला, "मॅडम, जुनं केमिकल संपवत होतो फक्त." मागच्या टाकीपाशी एक बिहारी कामगार तोंडाला गमछा बांधून उभा. मी विचारलं, "नाक से खून आता है?" तो हसला. "आता है दीदी, सबको आता है." गाडीत बसल्यावर साहेबांनीच कंपनीला फोन लावला, माल येणार नाही म्हणून. ट्रक रिकामा गेला. ती टाकी आता बंद आहे. डॉक्टरांनी कामगारांना तपासलं. त्या बिहाऱ्याच्या नाकाच्या पडद्याला आरपार भोक पडलंय. ते भरत नाही म्हणतात.

कारखान्यात सगळे माझं कौतुक करतात, आबा. तुम्ही गेल्यावर हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच एवढं लिहिता येतंय: त्याआधीच्या दोन वर्षांच्या सगळ्या कागदांवर मी द्रावणाचा थेंबही न टाकता सही केली होती.